मठाच्या रानातला हाका

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाजवळच्या रविवारी, व्होनेलच्या सायकल क्लबची वर्षातली शेवटची फेरी निघते. यंदा क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून अध्यक्ष गाएताँने फर्मान काढलं होतं, की सगळं चौऱ्याहत्तर सालचं हवं. सायकली पोलादी, पॅडलला चामड्याचे पट्टे, अंगात क्लबची जुनी तपकिरी लोकरीची जर्सी. हेल्मेट नाही, फोन नाही आणि भडक रंगाचं जाकीट तर मुळीच नाही.

क्लब काढणाऱ्यांपैकी आता एकटा आन्सेल्म उरला होता. वय अठ्ठ्याहत्तर. त्याने फर्मान अक्षरशः पाळलं आणि कानातलं यंत्रही टेबलाच्या खणात टाकलं.

"चौऱ्याहत्तर साली मला सगळं ऐकू येत होतं," तो मुलीला म्हणाला.

"आणि आज काय ऐकणार आहात, बाबा?" सोलांजने त्याच्या डाव्या कानाशी ओरडून विचारलं. उजवा तर केव्हाच गेला होता.

"तुझी बडबड ऐकू येणार नाही. तेवढं पुरे."

पेर्श प्रांताच्या या भागात रस्ते अरुंद आहेत, चढ सौम्य आहेत आणि प्रत्येक वळणाआड एखादी दगडी गढी किंवा बुटक्या मनोऱ्याचं चर्च उभं असतं. सायकलवाल्यांचं लक्ष मात्र गावांच्या पाट्यांवर असतं. पाटी दिसली की जो तो उठून पॅडल हाणतो. शेवटची पाटी खुद्द व्होनेलची. ती जो जिंकेल त्याला जेवणात काळ्या सॉसेजचा पहिला तुकडा मिळतो आणि वर्षभर फुशारकी मारायचा परवाना.

आन्सेल्मच्या पायांत आता ती ताकद नव्हती. त्याने दुसरी वाट शोधली होती. सां-सेनेरीच्या कॅफेत सगळे कॉफीला थांबले की तो लघवीचं निमित्त करून चर्चच्या मागे जायचा आणि तिथून पडक्या मठाच्या रानातला जुना रस्ता धरायचा. बाकीचे टेकडीला वळसा घालून पोचेपर्यंत हा पाटीला टेकून उभा. "काय रे, वाटेत झोपला होतात का?" सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नसे.

रविवार शिकाऱ्यांचाही असतो. म्हणून गाएताँ आदल्या संध्याकाळी लेओंसला फोन करायचा. लेओंस बुर्दे एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात गावच्या शिकाऱ्यांचा म्होरक्या असायचा. यंदा ठरलं होतं, की हाका, म्हणजे आरोळ्या देत रानडुकरं उठवून बंदुकांपुढे आणणं, सकाळी नदीकाठी आणि सायकली गेल्यावर, दुपारनंतर, मठाच्या रानात.

सां-सेनेरीला कॉफीचे पेले रिकामे होत आले तेव्हा कॅफेवाली रोझलीन फडक्याला हात पुसत बाहेर आली.

"गाएताँ, तुझा फोन काय विहिरीत पडलाय? लेओंस सकाळपासून तुला शोधतोय. शेवटी माझ्याकडे निरोप ठेवला. नदीवर धुकं आहे, समोरचं झाड दिसत नाही. त्यामुळे त्यांनी उलटं केलंय. मठाचं रान आधी."

"मग आपलं काय अडलं? आपण वळशानेच जाणार," गाएताँ म्हणाला आणि हसला. "म्हाताऱ्याची तेवढी पंचाईत. आज त्याला आमच्याबरोबर घाम गाळावा लागणार. कुठे आहे तो?"

फेरीत आलेल्या सोलांजने भिंतीकडे पाहिलं. सायकलींच्या रांगेत बापाच्या निळ्या सायकलीची जागा रिकामी होती.

"केव्हा गेले?" तिने विचारलं.

"मघाशीच," कोणीतरी म्हणालं. "आम्ही हसलोसुद्धा."

रानाच्या दिशेने शिंग वाजलं. एकच आखूड फुंक. हाका सुरू झाल्याची.

गाएताँचा चेहरा उतरला. त्याने रोझलीनचा फोन ओढून घेतला आणि लेओंसचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. हाका चालू असताना शिकारी फोन मुका करून ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. "गाडीची चावी दे," तो रोझलीनला म्हणाला. "मी पलीकडच्या बाजूने त्यांच्या व्हॅनपाशी जातो. सोलांज, तू थांब..."

पण मठाच्या रस्त्याच्या तोंडाशी दगडी खांब आहेत, गाडी आत जात नाही. सोलांज सायकलवर बसलीही होती. गाएताँ मागून जाकिटाबद्दल काहीतरी ओरडला. तोवर ती चर्चच्या पुढे गेली होती.

रानाच्या तोंडाशी "शिकार चालू आहे" अशी पाटी होती. ही पाटी हंगामभर तिथेच असते, त्यामुळे ती कोणी वाचत नाही. सोलांजने ती आज वाचली. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याही अंगात तपकिरी जर्सी आहे.

रस्ता खाली उतरत गेला. शतकानुशतकं गाड्यांनी झिजून तो दोन्हीकडच्या जमिनीपेक्षा खोल झाला होता. काठावर वाळलेलं नेचं दाट माजलेलं, त्याच्यावर बीचची पानं पडलेली. सगळं एका रंगाचं. तिने खाली, स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. बाही आणि रान यांत फरक नव्हता.

"बाबा!" ती ओरडली. मग "सायकल आहे! सायकल!" असं ओरडू लागली. आवाज पानांत मुरून जात होता. डावीकडे, लांबवर, हाकाऱ्यांच्या आरोळ्या आणि कुत्र्यांचं भुंकणं चालू होतं. ते सगळं रस्त्याच्या दिशेने सरकत होतं. म्हणजे बंदुका उजवीकडच्या काठावर कुठेतरी बसलेल्या असणार.

एक बार झाला. तिचे हात हँडलवर आखडले. पुढचं चाक ओल्या पानांवर घसरलं, सावरलं. त्यानंतर काहीच नाही. ना ओरडणं, ना कुत्री. तिने मोठा गिअर टाकला.

मठाची पडकी कमान ओलांडल्यावर तिला तो दिसला. वाकलेली तपकिरी पाठ, संथ लयीत हलणारी. जिवंत. ती पुन्हा जीव खाऊन ओरडली आणि उठून पॅडल मारू लागली.

जुन्या सवयीने आन्सेल्मने काखेखालून मागे पाहिलं. त्याला पाठीवर येणारी तपकिरी जर्सी दिसली. चेहरा दिसायला डोळे पूर्वीचे राहिले नव्हते. तो आणखी खाली वाकला आणि त्याने वेग वाढवला.

सोलांजला क्षणभर कळेना. मग कळलं. त्याला वाटत होतं की कोणीतरी त्याची चोरवाट पकडून पाटी मारायला आलं आहे. ती जितकी जवळ जाईल तितका तो जोरात पळणार. ती जितकी थांबेल तितका तो एकटा पुढे जाणार. पुढे रस्ता आणखी खोल होत होता. आता चाकं दिसेनाशी झाली, मग पायही. नेच्याच्या वर फक्त एक तपकिरी पाठ धावत होती.

कुत्री पुन्हा भुंकू लागली, या वेळी अगदी डावीकडून.

क्लबचे नियम पुष्कळ होते आणि मोडलेही जायचे. एक कधीच मोडला नव्हता. पडलेल्याला टाकून कोणी पुढे जात नाही. तो नियम आन्सेल्मनेच घातला होता. तो दर थोड्या वेळाने मागे पाहतो हेही तिला माहीत होतं. त्याची मान वळू लागली तसं तिने हँडल झटक्याने फिरवलं आणि स्वतःला खडीवर झोकून दिलं.

खांदा आपटला. तोंडात माती गेली. पाय पट्ट्यात अडकून सायकल अंगावर आली. तिने मान उचलली नाही. ब्रेकची करकर ऐकू येते का, याचाच कानोसा घेत राहिली.

ब्रेक करकरला.

आन्सेल्म उतरला, ताठ उभा राहिला, पाठीवर हात ठेवून कण्हला आणि सायकल हाताने ढकलत परत आला. "पानांवर ब्रेक मारायचा नसतो, गाढवा," तो लांबूनच म्हणाला. मग जवळ येऊन थबकला. "सोलांज? तू कशाला पाटीच्या मागे लागलीस?"

तिने त्याला जर्सीला धरून खाली ओढलं. तो चारी मुंड्या चीत खडीवर आला आणि शिव्या देऊ लागला. तेवढ्यात त्यांच्या पुढे, तो असायला हवा होता त्याच जागी, एक रानडुकरीण रस्त्यात उतरली आणि पलीकडच्या काठावर चढून गेली. कोणी बार टाकला नाही. सोलांज बापाच्या छातीवर हात दाबून पडून राहिली. 

उजवीकडच्या काठावर पानं वाजली. नारिंगी टोपीतला लेओंस खाली उतरत होता. बंदूक बिजागरीतून उघडून त्याने काडतुसं काढली, पण ती त्याच्या हातून पानांत पडली. ती उचलायला तो वाकला नाही.

"लागलं कोणाला?" त्याने विचारलं.

"मी पडले. तेवढंच."

"मघाचा बार वरच्या अंगाला बसवलेल्या पोराचा होता. हवेतच गेला." लेओंस काठावरच टेकला. "मी याला नेमात धरून बसलो होतो, सोलांज. लांबपासून. पाठ दिसत होती, नुसती पाठ. घोडा अर्धा दाबला होता. मान दिसायची वाट बघत होतो. मग तो थांबला आणि उभा राहिला, आणि ते माणूस निघालं."

"काय म्हणतोय हा?" आन्सेल्मने विचारलं. "आम्ही त्याची डुकरं पळवली म्हणतोय का?"

सोलांजने त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि लेओंसचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

आन्सेल्म लेओंसकडे पाहत राहिला. लहानपणी या लेओंसला त्याने सायकल शिकवली होती. मग त्याने जर्सी डोक्यावरून ओढून काढली, उलटी केली आणि आतली पांढरट बाजू बाहेर येईल अशी पुन्हा घालू लागला. हात बाहीत जात नव्हते. सोलांजने त्याला बाही धरून दिली, आणि मग आपलीही जर्सी उलटी केली. लेओंसने मान दुसरीकडे वळवली.

"शिंग वाजव की," ती लेओंसला म्हणाली.

त्याने शिंग तोंडाला लावलं. पहिल्यांदा नुसतीच हवा बाहेर आली. दुसऱ्यांदा लांब फुंक निघाली, हाका थांबल्याची. रानात कुठूनच उत्तर आलं नाही. कुत्री भुंकतच होती.

"वारा उलटा आहे. खालच्यांना ऐकू गेलं नसणार," लेओंस म्हणाला. "व्होनेलपर्यंत माझी माणसं बसली आहेत. परतही जाऊ नका. हाकारे मागे आहेत, त्यांच्याकडेही बंदुका आहेत. माझ्या मागे या. सायकलवर नाही, चालत. आणि सरळ उभे राहून."

तो पुढे निघाला, नारिंगी टोपी हातात उंच धरून. मागे आन्सेल्म, त्याच्या मागे सोलांज, एक हात बापाच्या पाठीवर ठेवून. प्रत्येक वळणाआधी लेओंस थांबे आणि काठाकडे तोंड करून एकेक नाव पुकारे. नेच्यातून उत्तर येईपर्यंत तिघंही जागचे हलत नसत. मग कुठेतरी लोखंडाचा आवाज होई, बंदूक उघडल्याचा, आणि ते पुढच्या नावापर्यंत चालू लागत.