लाल खूण

बी.एस्सी. होऊन मी तुळजापुरात मोजणीच्या कामाला लागलो, तेव्हा देवळाकडं जाणारा रस्ता रुंद होणार होता. जिथवर पाडापाड करायची, तिथं मी लाल रंगाची खूण करत होतो. कस्तुराबाईंचं बांगड्यांचं दुकान पूर्ण जाणार होतं. त्यामागच्या दगडावर मी खूण केली.

दुसऱ्या दिवशी त्या दगडावर हळदकुंकू, फुलं होती आणि यात्रेकरू बायका हात जोडून उभ्या होत्या.

शेजारचे लॉजवाले अंबादासराव वैतागले. "मोटारी दारापर्यंत येतील म्हणून आम्ही वाट बघतोय, आन् साहेब, तुम्ही रस्त्यातच देव बसवला!"

"मोटारीतल्या बाया थेट देवळात जात्यात," कस्तुराबाई म्हणाल्या. "चालत येणाऱ्याच बांगड्या भरत्यात."

"मावशी, ही पूजा तुम्हीच केलीत ना?"

"म्या न्हाय. पर पुसली बी न्हाय."

खूण पुसून हा नुसता दगड आहे हे दाखवायला मी रॉकेलचा बोळा घेऊन पुढं झालो. बायका मागं सरकल्या. खाली बसण्याआधी सवयीनं मी चपला काढल्या.

ते पाहून मागच्या बाईनं दगडापुढं नारळ फोडला.