माझा काटा अठराशेवर का थांबला

मी टेक्सासमधल्या कार्बन डायऑक्साइडच्या पाइपलाइनवरचा एक म्हातारा प्रेशर गेज, म्हणजे दाबमापक, आहे, आणि मित्रांनो, माझ्यावर खोटेपणाचा आळ आहे.

२००१ साली मला तिथे बसवलं. हा वायू जुन्या तेलविहिरींत कोंबतात. तो तेल वर ढकलतो आणि बराचसा खालीच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. पाइप फुटला तर तो हवेपेक्षा जड म्हणून सखल जागी साचतो आणि माणसाला गुदमरवतो. माझ्या खालच्याच खोलगटात एका कुटुंबाचं घर होतं. म्हणून तिथे दाब चौरस इंचाला दोन हजार पौंडांवर न्यायचा नाही, असा सरकारी दंडक. मी इमानाने काटा हलवत होतो. माझं कौतुकही व्हायचं.

पुढे कंपनीला जास्त वायू रेटायची घाई झाली. २००६ मध्ये सरकारी तपासणीचं पत्र आलं. चोराला आधी पत्र कशाला पाठवतात, देव जाणे! रंगरंगोटी झाली, मलाही पुसलं. आणि दाब कमी असताना कुणीतरी माझ्याखालची, पाइपचा दाब माझ्यापर्यंत आणणारी बारीक तोटी बंद केली. काटा अठराशेवर गोठला.

महिन्याने तपासनीस आश्लेषाताई आल्या, मूळच्या नागपूरच्या. कंपनीचा इंजिनिअर यतीन पुण्याचा. तो खुललाच.

"ताई, आधी चहा घेऊ. साइटवर पहिल्यांदाच मराठी बोलतोय, यार!"

"चहा नंतर. लॉगबुक दे." त्यांनी पानं उलटली. "महिनाभर अठराशे? सकाळी तेवढाच, भर उन्हात तेवढाच? गेज झोपलाय की तू?"

"अहो, लाइन स्टेडी आहे."

"सह्या तुझ्याच ना?"

यतीन हळूच म्हणाला, "ताई, माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे. प्लीज."

"आणि त्या घरातली पोरं कुणाच्या हातात आहेत? तोटी उघड."

त्याने एकदा घराकडे पाहिलं. मग त्यानेच तोटी उघडली. माझा काटा सटकन बावीसशेवर गेला.

लगेच हुकूम निघाला: दाब उतरवा, पाइप तपासा. घराजवळच पाइप गंजून पत्र्यासारखा पातळ झालेला सापडला. घर वाचलं. यतीनची नोकरी गेली. वरच्या साहेबांपैकी एकाचीही गेली नाही. त्यांचा वकील म्हणतो, गेजच बिघडलेला होता.

आता मी पुरावा म्हणून सरकारी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. दोन वर्षं झाली, सुनावणी पुढेच ढकलली जाते.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा. पण नुसती काच पुसून थांबू नका. यंत्र खोटं बोललं तर त्याचा गळा कुणी आवळलाय, ते आधी बघा.