घरभर नवरे

१९६१ साली, वादळ यायचं होतं त्या सकाळी, आमचं घर जमिनीपासून चार बोटं वर उचललं गेलं. सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"खालचा केर काढून घे गो," त्या म्हणाल्या. "ही जागा पुन्हा हाताला लागायची नाही."

मी केर काढला. रेडिओवरच्या दर इशाऱ्याला घर आणखी वीतभर वर जाई. आम्ही पाटा, तांदळाचे डबे, लोणच्याच्या बरण्या माजघरात ओढून आणल्या. शेवटी सासूबाई स्वतः उंबऱ्यावर बसल्या. तरी दुपारपर्यंत घर कमरेइतकं वर होतं.

आमचे हे बंदरावर होडी ओढायला गेले होते. ते यायच्या आत घर सुटलं, तर ते खालीच राहणार. मी खिडकीतून हाक मारली, "अहो."

वाऱ्याने ती हाक किनाऱ्याने नेली. पहिला रघुवीर शिंपी आला.

"बोलावलंत, वहिनी?"

"तुम्हाला नाही हो."

"आमच्या घरातनंही हीच हाक येते," तो म्हणाला आणि वर चढून बसला.

मग खालच्या आळीतले आले, मग खाडीपलीकडचे. एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता. तीन वाजेपर्यंत चाळीस नवरे मांडीला मांडी लावून बसले. न्हाणीघरातही दोघे होते. त्यांच्या वजनाने आमचं घर खाली टेकलं. गावातली बाकीची घरं माडांच्या वर गेली होती.

"कपबशा पुरेनात," सासूबाई म्हणाल्या. "एवढे जमवलेस, आपला कुठाय?"

"येतील."

"नाव घेऊन हाक मार."

"कसं घेऊ? उखाण्यातसुद्धा पुटपुटते मी."

"मागच्या वादळात मी तुझ्या सासऱ्यांचं घेतलं नाही. ते अजून बंदरावरच उभे आहेत."

ते खरं होतं. दर सोमवारी त्यांचा डबा मीच पोचवायची.

मी पदर सारखा केला. "भार्गव," म्हटलं, खिडकीशीही न जाता.

हे दारात उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले. "हळू बोलावं," हे म्हणाले. "सगळ्या बंदराला ऐकू गेलं."

हाक आपली नव्हती हे चाळीस जणांना तेव्हा कळलं. चहा संपवून ते एकेक उतरले आणि घर सरळ वर गेलं.

रघुवीर शिंप्याला त्याचं घर तिसऱ्या दिवशी ताडाला अडकलेलं सापडलं. बायको वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. सासूबाई त्याच संध्याकाळी डबा घेऊन दोरीने उतरल्या आणि बंदरावरच राहिल्या; त्या सासऱ्यांना दिवसभर नावाने हाका मारतात, असं कोळणी सांगत. आम्ही दोघं वरच राहिलो, एकावन्न वर्षं, सुखाने. दूध टोपलीतून ओढून घ्यायचो.

भार्गवना जाऊन आता नऊ वर्षं झाली. आज रेडिओवर वादळाचा इशारा होता. मी दुपारच्या चहाचं आधण ठेवलं आणि त्यांचं नाव घेतलं, हळूच.

आमच्या दाराबाहेर फक्त आभाळ आहे. तिथे कुणीतरी ओले पाय पुसत होतं.