काकांचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलाखाली अंग चोरून बसलेला करडा डबा दिसतो ना, तो मी. जुना कॉम्प्युटर. माझ्या कुशीचं पत्र्याचं झाकण सध्या एकाच स्क्रूवर तग धरून आहे, आणि डोक्यावर काकूंनी क्रोशाचा रुमाल घातला आहे. हल्ली मला काही काम नाही, म्हणून म्हटलं, तुम्हाला आपली हकीकत सांगावी. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना खेळायला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, मी रुसणार नाही.

एका लांबलचक कारखान्यात माझी जुळणी झाली. कोणी पंखा बसवला, कोणी तारा जोडल्या, आणि शेवटी एका बाईंनी माझ्या पोटात एक चकचकीत तबकडी ठेवली. ती तबकडी गरगर फिरते आणि एक बारीक सुई तिच्यावर सगळं टिपून ठेवते. तुम्ही मला जे जे सांगता ते तिथेच राहतं. माझं डोकं म्हणा, काळीज म्हणा, ती तबकडीच होती.

या घरात मला आणलं ते काका-काकूंच्या मुलीच्या अभ्यासासाठी. तेव्हा माझा काय थाट होता! मला हात लावण्याआधी हात धुवावे लागत. काकू रोज मऊ फडक्याने माझा पडदा पुसत आणि शेजारणींना सांगत, “आमच्याकडे कॉम्प्युटर आहे.” मग मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि दूरच्या शहरात निघून गेली. जाताना तिने मांडीवर मावणारा नवा कॉम्प्युटर घेतला. माझ्यावर धूळ बसू लागली, आणि माझ्या पडद्यावर काकू ओले रुमाल वाळत घालू लागल्या. मला वाटलं, आपले दिवस भरले.

आता काकांबद्दल सांगतो, कारण यापुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे. काका बसस्थानकावर निवेदक होते. कोणती बस कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, कोणाचं मूल हरवलं आणि कोणाचं सापडलं, हे ते माइकवरून सांगत. सोबतचे लोक त्यांना भोंगा म्हणत आणि काकांना ते आवडे. त्यांची एक शिस्त होती. वाक्य संपलं की त्याच क्षणी माइकचं बटण बंद. याला कारणही तसंच होतं. एकदा एका सहकाऱ्याचा माइक चुकून चालू राहिला आणि सासूबद्दलची त्याची सगळी मतं अख्ख्या स्थानकाने ऐकली. सासूबाई तेव्हा तिसऱ्या फलाटावर बसची वाट बघत होत्या. तेव्हापासून काकांचं बोट बटणावरून हललं नाही. सबंध नोकरी त्यांनी अशीच केली. बोलायचं आणि बंद करायचं.

निवृत्तीनंतर काकांच्या घशाला गंभीर आजार झाला. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. काका घरी येऊन या खिडकीशी बसले. काकूंना जास्त काळजी होती ती वेगळीच. त्यांची नजर अधू झालेली. समोर माणूस उभा आहे एवढं त्यांना दिसतं. पण अक्षर वाचता येत नाही, चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत. “तुम्ही लिहून दाखवाल, पण मी वाचू कशी?” एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हा दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तोड सुचवली. आवाज आहे तोवर रोजची वाक्यं बोलून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवा. नंतर कळ दाबली की कॉम्प्युटर तुमच्याच आवाजात बोलेल. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावरचे रुमाल उतरले.

काका माझ्यापुढे माइक घेऊन बसले आणि घसा खाकरून म्हणाले, “कृपया इकडे लक्ष द्यावे. चहा ठेवण्यात यावा.”

काकू पोट धरून हसल्या. “अहो, मला फलाटावर सामान घेऊन उभं राहिल्यासारखं वाटतंय. घरातल्यासारखं बोला ना!”

मग काकांनी ते पुसलं आणि पुन्हा बोलले, “अगं, चहा टाकतेस का जरा?” असं करत करत त्यांनी कितीतरी वाक्यं भरली. पंखा लाव. दार वाजतंय बघ. तू जेवलीस का? आज पाय फार दुखतायत. काकू शेजारी बसून सुचवत होत्या. मध्येच म्हणाल्या, “भांडणाचीही भरा. नाहीतर मी एकटीच किती बोलू?”

काकांनी भांडणाची वाक्यंसुद्धा मन लावून भरली. “तुला काही सांगण्यात अर्थ नाही.” “तुझ्या माहेरचं काढू नकोस.” “बरं बाई, तुझंच खरं.” हे शेवटचं म्हणताना त्यांना हसू फुटलं. काकूंनी ते हसूही वेगळं भरायला लावलं. असा तो आवाज माझ्या तबकडीवर येऊन राहिला.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. या सगळ्याची दुसरी प्रत करून ठेवा, आणि कॉम्प्युटर बंद करताना आधी पडद्यावर तसं सांगा, तो स्वतः बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या प्रतीचं काम मुलीवर टाकलं गेलं. ती म्हणाली, मी आले की करते. ती आली तेव्हा काका दवाखान्यात होते, आणि कोणाला प्रतीची आठवण राहिली नाही. बंद करण्याची सूचना काकांनी तेव्हाच उडवून लावली होती. “बंद करायलासुद्धा परवानगी मागायची?”

काका दवाखान्यातून आले. गळ्याला पट्टी होती आणि तोंडातून नुसती हवा येत होती. काकू दारात हात पुढे करून चाचपडत उभ्या होत्या. काका तडक माझ्याकडे आले. मला सुरू व्हायला वेळ लागला, कारण माझंही वय झालं होतं. मग त्यांनी कळ दाबली आणि मी त्यांच्या आवाजात म्हणालो, “अगं, मी आलो.” काकू खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून खूप रडल्या. मला वाटतं, कोणत्याही कॉम्प्युटरला याहून मोठा मान मिळाला नसेल.

पुढची वर्षं चांगली गेली. काका सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढे बोलायला बसत. काकू चिडवत, “तुम्ही सुरू होईपर्यंत माझी भाजी चिरून होते.” आणि भांडण झालं की काय गंमत! काका आपलं शेवटचं वाक्य माझ्याकडून वदवून घेत आणि लगेच भिंतीवरचं बटण खाडकन बंद करत. काकू बोलत राहत आणि काका नुसते हात हलवत, आता स्थानक बंद. घर हसत होतं. माझ्या पोटात मात्र दरवेळी सुई लिहिता लिहिता अडखळून तबकडीवर पडायची. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण मला फक्त काकांनी भरलेली वाक्यं येत होती, आणि त्यांत ‘असं बंद करू नका’ हे वाक्य नव्हतं.

मग एका सकाळी मी अडकलो. पंखा फिरला, पडद्यावर कारखान्याची खूण आली, तिच्याखाली ठिपके गोल फिरू लागले आणि फिरतच राहिले. त्यापुढे मला जाता येईना. काकूंची भाजी चिरून झाली, शिजली, गारही झाली. “आज एवढा वेळ का हो?” त्या विचारत होत्या. काकांनी बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद, पुन्हा चालू. माझ्या पाठीवर थोपटलं, मग थोडं जोरात थोपटलं. त्यांना वाटत होतं की ते मला जागं करत आहेत. प्रत्येक वेळी सुई नवा ओरखडा काढत होती.

दुरुस्तीवाल्या ताई आल्या. स्क्रू दातांत धरून काम करायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कळत नसे. त्यांनी माझं झाकण काढलं, धूळ फुंकली, पोटातली एक पट्टी काढून तिच्या कडा खोडरबराने घासल्या. मला बरं वाटलं. मी खूण दाखवली, ठिपके दाखवले आणि अडकलो. त्यांनी नाण्याएवढी बॅटरी बदलली. जादा तारा काढून टाकल्या. कमीत कमी कामं करत सुरू होण्याचा एक मार्ग माझ्यात असतो, त्या मार्गाने नेऊन पाहिलं. तिथेही अडकलो. मग त्यांनी माझ्या पोटाला कान लावला. तबकडीतून टक, टक असा आवाज येत होता. ताईंनी दातांतले स्क्रू काढून हातात घेतले.

“काका, तुम्ही हा बंद कसा करता, जरा दाखवता?”

काका उठले आणि मोठ्या ऐटीत त्यांनी भिंतीवरचं बटण एका फटक्यात खाली केलं. इतक्या वर्षांचा हात होता तो.

ताईंनी हातातले स्क्रू टेबलावर ठेवले. काकूंनी विचारलं, “काय झालं? काही चुकलं का त्यांचं?”

“काकू, असं बंद केलं की आतली तबकडी खराब होते,” ताई हळूच म्हणाल्या. “जेवणाऱ्याच्या पुढून ताट ओढावं तसं होतं ते. एकदा-दोनदा झालं तर चालून जातं.”

काकांचा हात अजून बटणावरच होता. तो त्यांनी खाली घेतला आणि खिशात घातला.

ताईंनी माझी तबकडी काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “नावं दिसतायत, काकू. पण आवाज निघत नाहीये.”

“नावं तरी वाचा,” काकू म्हणाल्या.

आणि ताई वाचू लागल्या. “चहा. पंखा. पाय दुखतायत. जेवलीस का. भांडण एक. भांडण दोन. तुझंच खरं. हसू.” प्रत्येक नावापुढे त्या कळ दाबत, आणि काही येत नसे. एका वेळी मात्र खर्र असा आवाज आला. वाक्य बोलण्याआधी काकांनी घसा खाकरला होता, तेवढाच भाग तबकडीवर धड राहिला होता.

“हेच! हेच ते!” काकू एकदम उठल्या आणि टेबलावर आपटल्या. “पुढचं लावा ना, ताई. आता बोलतील बघा.”

पुढे काही नव्हतं. ताईंनी तेवढं तरी वेगळं काढून ठेवायला घेतलं, आणि त्यातच तबकडी फिरायची थांबली. नंतर ती मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवली. ती तशीच परत आली. यातून काही निघणार नाही, असं मुलीने फोनवर सांगितलं आणि मग बराच वेळ फोनमधून नुसतं तिचं रडणं ऐकू येत होतं.

ताईंनी मला नवी तबकडी बसवली. आता मी चुटकीसरशी सुरू होतो. काका जे टाइप करतील ते मी बोलतो, पण तयार विकत मिळणाऱ्या आवाजात. स्पष्ट आहे, शुद्ध आहे, कोणाचाच नाही. पहिल्या दिवशी काकांनी टाइप केलं आणि मी म्हणालो, “अगं, चहा टाकतेस का जरा?” काकूंनी वळूनही पाहिलं नाही. त्यांना वाटलं, शेजारचा रेडिओ लागला आहे.

काकूंनी मनापासून प्रयत्न केला, असं मी सांगेन. मी बोललो की त्या ताठ बसत, पदर सारखा करत, पाहुण्याला द्यावी तशी उत्तरं देत. एक दिवस काकांनी मुद्दाम भांडण काढलं. माझ्याकडून वाक्यामागून वाक्य म्हणवून घेतलं. काकू ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अहो, रागावू नका. पण याच्याशी माझ्याने भांडवत नाही हो. घरात परका माणूस बसल्यासारखं वाटतं. तुम्ही नुसते ओठ हलवत जा, मी अंदाजाने समजून घेईन.” त्यानंतर माझ्या डोक्यावर हा रुमाल आला.

तुम्ही विचाराल, तबकडी गेली तर तुला हे सगळं आठवतं कसं? इतकी वर्षं घरात राहिलं की तेवढं आठवतंच. शब्द आठवतात, कोण कुठे बसलं होतं तेही आठवतं. पण काकांचा आवाज कसा होता, जाड की बारीक, चढा की मऊ, ते विचाराल तर मला सांगता येत नाही.

मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनंती करतो. माझ्या भाईबंदांना बंद करताना दोन क्षण थांबा. आणि त्यांच्यात आपल्या माणसाचं काही ठेवलं असेल, तर त्याची दुसरी प्रत आज करा, उद्या नको. तुमच्यापैकी अर्ध्यांना हे आत्ता पटेल आणि बाहेर पडताच विसरायला होईल, हेही मला ठाऊक आहे. तुमच्यावर माझा राग नाही.

काका आत्ता माझ्यासमोर बसले आहेत. ते काकूंकडे बघून ओठ हलवून काहीतरी सांगत आहेत. लांबलचक वाक्य असावं. काकू मान पुढे करून लक्षपूर्वक बघतात, “हो हो, आणते,” म्हणतात आणि पाण्याचा पेला घेऊन येतात. काका तो पितात. मग पुन्हा तेच वाक्य, पहिल्यापेक्षा सावकाश. काकू पुन्हा पाणी आणतात. काका तेही पितात.