निळं झाड, पांढरी छत्री

"चहाचा डाग. दरवेळी चहाचाच डाग. लोकांना बश्या काय शोभेला दिल्यात?"

हे पुटपुटणारं तोंड माझ्यापासून दोन बोटांवर होतं. मिशा माझ्या कोपऱ्याला घासत होत्या. जुन्या वस्तूंचा हा पारखी आधी माझा वास घेत होता. मग त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि तो मोठा, ओलसर डोळा माझ्यावरून मुंगीच्या चालीने फिरू लागला. मित्रांनो, मी जागच्या जागी गोठलो. पुठ्ठ्याला गोठता येतं का, असं तुम्ही विचाराल. ज्याच्या पोटात गुपित असतं त्याला सगळं येतं.

मी एका जुन्या रेकॉर्डचं कव्हर आहे. तुमच्यापैकी कोणी रेकॉर्ड पाहिली नसेल तर सांगतो: ती ताटाएवढी, काळी, गोल तबकडी असते. ती फिरू लागली आणि तिच्यावर सुई टेकवली की गाणं वाजतं. तिला ओरखडे पडू नयेत म्हणून तिला पुठ्ठ्याच्या चौकोनी खिशात ठेवतात. तो खिसा म्हणजे मी. माझ्यावर एक चित्र आहे. झाडाखाली एक मुलगी छत्री घेऊन उभी आहे. माझ्या हजारो भावंडांच्या अंगावर ते झाड हिरवं आहे आणि छत्री पिवळी. माझं झाड निळं आणि छत्री पांढरीफटक. मी चुकून जन्मलो.

ती चूक कशी झाली तेही सांगतो. छापखान्यात आमच्यावर एकामागून एक चार रंग चढतात. आधी पिवळा, मग गुलाबी, निळा आणि शेवटी काळा. हिरवी शाई कुठल्याच डब्यात नव्हती. पिवळ्यावर निळा बसला की झाड आपोआप हिरवं व्हायचं. आमच्या गठ्ठ्याला नेमका पिवळा लागायचा राहिला आणि बाकीचे तिन्ही लागले.

मशीनवर जो मशीनमन होता, त्याच्या हाताखाली त्याचाच मेहुणा होता. अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणत. बारक्याची बहीण, म्हणजे मशीनमनची बायको, खालच्या खोलीत कव्हरं चिकटवायची. तिथला एक नियम होता. छापून झालेला पहिला कागद मशीनमनने खिडकीपाशी न्यायचा, उजेडात बघायचा, आणि सगळं ठीक असेल तर कडेच्या जवळजवळ कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने सही करायची. मग पुढचे कागद सुटायचे. पट्टी दोन बोटं रुंद असते. घडी घालून ती आतल्या बाजूला चिकटवतात, म्हणून सही पुढे कोणाला दिसत नाही.

आमच्या गठ्ठ्याचा तो पहिला कागद मीच होतो.

संध्याकाळ झाली होती. मशीनवरची ट्यूब गेलेली, तिच्या जागी कोणीतरी पिवळा दिवा लटकवला होता. बारक्याने मला उचललं आणि म्हणाला, "दाजी, या गठ्ठ्याला पिवळा लागला का? एकदा खिडकीत बघता?" खिडकी हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि मशीनमनचे पाय दिवसभर उभं राहून भरून आले होते. त्याने मला त्या दिव्याखालीच धरलं. पिवळ्या उजेडात पांढरी छत्री पिवळीच दिसणार आणि निळं झाड हिरवट. तीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण थकलेला माणूस माहीत असलेलंच विसरतो. "डोळे तपासून घे," असं मेहुण्याला म्हणत त्याने माझ्या पट्टीवर सही ठोकली.

सकाळी उजाडलं आणि दोनशे निळी झाडं सगळ्यांच्या समोर आली.

मालकाने विचारलं, हे कोणी सोडलं. मशीनमन म्हणाला, मला कोणी कागद दाखवलाच नाही. बारक्या म्हणाला, दाखवला, दाजींनी सही केली आहे. मग सहीचा कागद शोधायला सगळा छापखाना पालथा घातला. सापडणार कुठून? तोवर मी खालच्या खोलीत होतो. मशीनमन मला चौघडी न घालता शर्टाच्या आत छातीशी धरून घेऊन आला होता. त्याच्या काळजाचे ठोके मला बसत होते. त्याने मला बायकोपुढे ठेवलं, सहीची बाजू वर करून. तिने सही पाहिली. नवऱ्याचं तोंड पाहिलं. वर बारक्याचा आवाज चढत चालला होता, तो तिच्याही कानावर येत होता. बाई, त्या घटकेला तुझ्या मनात काय आलं ते मलाही कळलं नाही. मला एवढंच कळलं, की खळीचा ब्रश माझ्या पट्टीवर फिरला आणि तो थरथरत होता. हजारो कव्हरं आरशासारखी सपाट चिकटवणाऱ्या त्या हाताखाली खळीची एक गुठळी राहिली. ती गुठळी आजही माझ्या अंगात आहे.

रातोरात कव्हरं होऊन बाहेर पडलेले थोडे सोडले तर बाकीचे कागद लगद्यात गेले. त्यांच्या पाठीमागून मलाही कोणी ओढून नेईल, या भीतीने मी कित्येक दिवस अर्धमेला होतो.

बारक्याचं काम गेलं. काम गेलं तर दुसरं मिळतं हो. पण चुकला तो चुकला आणि वर दाजींवर आळ घेतो, असं त्याच्याबद्दल सगळ्या छापखान्यांत पसरलं. पुन्हा त्याला शाईच्या डब्याला हात लावू दिला नाही कोणी. त्याने जन्मभर सामानाचा टेम्पो चालवला.

मी मात्र बाईच्या घरी ट्रंकेत होतो, पोटात एक रेकॉर्डही घातलेली. माझ्या भीतीची काय यादी सांगू? कसर लागेल, वाळवी लागेल, मूल रडतंय म्हणून कोणी मला पंख्यासारखं हलवायला काढेल. एकदा मी ट्रंकेबाहेर असताना पाहुण्याने माझ्यावर चहाचा कप ठेवला तेव्हा खळ सुटते की काय, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. वर्षातून एकदा बाई ट्रंक उपसायची. गोधड्या, शाली, सगळं कडकडीत उन्हात टाकायची. मला तेवढं आत, सावलीत, भिंतीला टेकवून ठेवायची आणि माझ्याकडे पाठ करून बसायची. मशीनमनने ती रेकॉर्ड कधीही वाजवली नाही. बारक्या कधी दारात आला तर तो चपला घालून मागच्या दाराने बाहेर पडायचा. लेकीने एकदा विचारलं, मामा आला की बाबांना नेमकं काय काम निघतं. तिला उत्तर म्हणून ताटात आणखी एक पोळी पडली.

मग मशीनमन गेला. बारक्या पुन्हा घरी येऊ लागला. आता त्याचे केस पांढरे आणि पोट सुटलेलं, पण बहिणीसाठी तो बारक्याच. दोघं गुडघ्यांबद्दल बोलायची, मोतीबिंदूबद्दल बोलायची. छापखान्याचा विषय निघाला की दोघांपैकी एकाला हटकून खोकला यायचा.

आणि लेकीने ट्रंक आवरताना मला बाहेर काढलं. तिने कुठेतरी वाचलं होतं, की निळ्या झाडाची कव्हरं शौकीन लोक शोधत असतात आणि जगात अशी सातच खरी सापडली आहेत. माणसाच्या हातून चूक झाली की त्याची किंमत उतरते, आमच्यात ती चढते. हे मला आजही नीट कळलेलं नाही. लेक म्हणाली, तपासून तर घेऊ. आई म्हणाली, गुडघा दुखतोय. मग म्हणाली, गॅसवाला येणार आहे. मग म्हणाली, डोळ्यांत औषध घातलंय, बाहेरचं ऊन सोसायचं नाही. सबबी संपल्या तेव्हा ती पदर खोचून निघाली. बारक्याही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण त्याला येऊ नको म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

अशी ही तिघं पारख्यासमोरच्या बाकावर बसली होती. लेक मधे.

पारख्याने भिंग खाली ठेवलं. "पिवळ्याचा एक ठिपका नाही," तो म्हणाला. "पण त्यावर जाऊ नका. हल्ली लोक साधं कव्हर सहा महिने गच्चीत वाळवतात, पापडासारखं. उन्हाने सगळ्यांत आधी पिवळा उडतो. झाड निळं होतं, छत्री पांढरी होते, आणि मग ते माझ्याकडे येतात."

लेकीने विचारलं, मग खरं-खोटं कसं कळायचं. पारख्याने मला उलटं केलं. तो म्हणाला, या फांदीचं टोक घडीवरून वळून आतल्या पट्टीवर गेलं आहे. तिथे ऊन पोचत नाही. पट्टी सोडवून पाहायची. आत फांदी हिरवी निघाली तर ही उन्हाची करामत, निळी निघाली तर छापखान्याची. बोलता बोलता त्याचं बोट माझ्या कडेवरून फिरत होतं. ते थांबलं. मागे गेलं. पुन्हा थांबलं.

"गंमत आहे. हात इतका सफाईदार, आणि इथेच गुठळी?"

मित्रांनो, मला डोळे मिटता आले असते तर मी ते मिटले असते. समोर बाईने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

पारख्याने वाटीत कोमट पाणी घेतलं, कापसाचा बोळा बुडवला, शेजारी पातळ पातं ठेवलं. मला पात्याची भीती वाटत होती, हे खरं. त्याहून जास्त भीती वाटत होती ती पट्टीखालच्या पेन्सिलीच्या चार रेघांची. त्या बाहेर आल्या तर मेलेला नवरा खोटा ठरणार, आणि बाईने भावाशी काय केलं ते त्याच्या डोळ्यांदेखत उघडं पडणार. आत राहिल्या तर समोर बसलेला हा म्हातारा खोटारडाच म्हणून मरणार. या दोन्हींच्या मधे मी होतो, आणि मी फक्त पुठ्ठा होतो.

"राहू द्या," बाई एकदम म्हणाली. "उन्हानेच गेला असेल रंग. कशाला फाडायचं?"

लेकीने आईकडे पाहिलं, मग मामाकडे. तिला काय विचारायचं होतं ते तिच्या ओठांपर्यंत येऊन परत गेलेलं मी पाहिलं.

आणि बारक्या म्हणाला, "हो, राहू द्या. इतकी वर्षं झाली. एखादी गोष्ट सांगत राहिलं ना, की ती घडली होती की आपणच सांगत आलो, तेच कळेनासं होतं. आत काही नसलं तर? मला नाही बघायचं."

तेव्हा मला कळलं, की त्या खोलीत सगळ्यांत घाबरलेला मी नव्हतो.

पारख्याने खांदे उडवले. पातं बाजूला सारलं. वही पुढे ओढली आणि टोपण काढून लिहायला घेतलं: निळं झाड, चहाचा डाग, उन्हाने...

माझ्या जिवात जीव आला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही आला. आजवर मी तुम्हाला एवढंच सांगणार होतो, की आम्हा कव्हरांना जपा, उन्हात ठेवू नका, आमच्यावर कप ठेवू नका. ते तर कराच. पण सावलीत नीट जपून ठेवलेली वस्तूसुद्धा आतून सडते, मित्रांनो. कुणाचं खरं तुमच्याकडे ठेवलेलं असेल तर त्याच्या हातात ते परत द्या. तो जिवंत असेपर्यंत द्या.

पेन पुढे सरकत होतं. तेवढ्यात पदराखालून एक हात बाहेर आला आणि वहीवर पालथा पडला. तो थरथरत होता. मी तो हात ओळखला.

"उन्हाने नाही," बाई म्हणाली. तिने भावाकडे पाहिलं. "या कव्हराला मी कधी ऊन लागू दिलं नाही. सोडवा पट्टी. आत यांची सही आहे. बारक्या, तू खरं बोलत होतास. पट्टी मी चिकटवली."