पाणी कुठून येतं

हुबळीच्या मराठी मंडळाची सामान्यज्ञान परीक्षा दर वर्षी मार्चअखेरच्या रविवारी व्हायची, आणि पेपर काढायच्या कुसुमावती हलगेकर. १९७८ साली त्यांचं ते सोळावं वर्ष होतं. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. नोकरी संपली, यजमान गेले, देशपांडे नगरातल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहू लागल्या. पण पेपर काही सुटला नाही.

पहिल्या वर्षांत मुलं निकालानंतर भांडायला यायची. कौसल्या आणि मंगला नावाच्या दोन बहिणी एकदा वडिलांचा नकाशासंग्रह दोघींत धरून घेऊन आल्या होत्या, अर्ध्या मार्कासाठी. भीमा कृष्णेला कुठे मिळते यावरून तासभर वाद झाला, आणि बाईंनाच हार मानावी लागली. त्या दिवशी त्यांनी दोघींना शिरा करून घातला होता.

आता कुणी भांडत नव्हतं. या वर्षी पंचेचाळीस मुलं बसली होती आणि बाई चार दिवस पेपर तपासत होत्या. उत्तरं चुकत होती याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. मुलांची उत्तरं चुकायचीच. पण सगळ्यांची एकाच शब्दांत चुकत होती. एकतिसावा प्रश्न त्यांनी मुद्दाम सोपा घातला होता: आपल्या शहराच्या नळाला पाणी कोठून येते? चव्वेचाळीस मुलांनी लिहिलं होतं, 'तुंगभद्रा नदीवरून, उपसा योजनेद्वारे.' स्वल्पविरामासकट.

पंचेचाळिसावा पेपर श्यामला दगडू कांबळे हिचा होता. अक्षर गिचमीड. तिनं लिहिलं होतं, 'नीरसागर तलावातून. उन्हाळ्यात त्याचा तळ दिसतो म्हणून आठ दिवसांनी येते.'

बाईंनी चष्मा काढून पुसला. आपलंच तर चुकत नाही ना, असं क्षणभर त्यांना वाटून गेलं. चव्वेचाळीस जण एक सांगतात म्हटल्यावर माणूस डळमळतोच. त्या उठल्या आणि शेजारच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांची सुलभा नववीत होती, तीही परीक्षेला बसली होती.

"सुलभा, ते गाईड की काय आहे ना तुमचं, जरा दाखव गं."

सुलभानं पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणून दिलं. पान बावीस, तुंगभद्रा, उपसा योजना. कुणीतरी दुसऱ्याच गावाची माहिती उचलून हुबळीच्या नावावर छापली होती.

"तू नीरसागर हे नाव ऐकलंयस?" बाईंनी विचारलं.

"हो तर. सातवीत सहल गेली होती आमची. काठावर बसून डबे खाल्ले."

"त्यातलं पाणी कुठे जातं, विचारलं होतंस कुणाला?"

सुलभा आठवू लागली. "वर्गाच्या बाईंनी सांगितलं असेल. हुबळीलाच येतं वाटतं."

"मग पेपरात तुंगभद्रा का लिहिलंस?"

"गाईडमध्ये तसं आहे ना."

"पण तुला स्वतःला काय वाटलं?"

मुलगी गोड होती, खोटं बोलणारी नव्हती. तिनं खरोखर विचार केला आणि म्हणाली, "मला काही वाटलं नाही, बाई."

बाईंनी पुस्तक परत केलं. घरी येऊन बेरजा केल्या. श्यामला एकोणचाळीस, सुलभा अडतीस. पहिल्या नंबराची ढाल श्यामलाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दाजीबानपेठेत अप्पाजी मिरजकरांच्या दुकानी गेल्या. अप्पाजी मंडळाचे चिटणीस. मूळचे मिरजेचे, तीन पिढ्या इथे कापडाचा धंदा. गाद्यांवर लुगड्यांचे गठ्ठे सोडलेले, समोर दोन गिऱ्हाइकं, वर पंखा नुसता गरम हवा हलवत होता. गिऱ्हाइकं गेल्यावर बाईंनी निकाल पुढे ठेवला आणि एकतिसाव्या प्रश्नाचं सांगितलं.

अप्पाजींनी कपाळाला हात लावला. "बाई, हे घोटाळ्याचं काम झालं की. गाईड मंडळानंच वाटलंय. यातलंच येणार म्हणून मीच सांगितलंय पोरांना."

"मी गाईड बघून पेपर काढत नाही."

"ते खरं हो. पण प्रश्न त्यात हाय ना? उद्या पालक पुस्तक घेऊन दारात उभे राहतील. छापलेलं दाखवतील. तुम्ही काय दाखवणार?"

"अप्पाजी, तुमच्या घरी पाणी कुठून येतं?"

"नळाला येतं की. आठ दिवसाला एकदा, ते बी तासभर." ते हसले. मग बाई हसत नाहीत हे पाहून म्हणाले, "तुंगभद्रेचंच असेल. मला काय ठाऊक? मी कुठं बघायला गेलोय?"

अप्पाजींनी आतून पाणी मागवलं, ते त्या प्यायल्या.

"असं करू," अप्पाजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "एकतिसावा प्रश्नच रद्द. कुणालाच मार्क नको. कुणाचं नुकसान नाही, कुणाची तक्रार नाही. करा सही."

बाईंना म्हणता आलं असतं, की ज्या एकीला येत होतं तिचं नुकसान होतं. ते त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण त्यामागोमाग पुढचं सगळं बोलणं, कार्यकारिणीची सभा, पालकांचा गलका, सगळं त्यांना दिसलं. त्यांनी सही केली.

बसमध्ये बसल्यावर हिशेब त्यांच्या ध्यानात आला. प्रश्न रद्द म्हणजे दोघींना अडतीस. मार्क सारखे पडले तर वयानं लहान असेल त्याला पहिला नंबर, हा मंडळाचा नियम. नियम बाईंनीच केलेला. आणि श्यामलाचं मध्ये एक वर्ष वाया गेलेलं, ती सुलभाहून मोठी.

बाई परत गेल्या नाहीत. मात्र रविवारी बक्षीस समारंभाच्या आधी त्या कमरीपेठेत श्यामलाचं घर शोधत गेल्या. हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये एवढंच त्यांना वाटत होतं.

घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याची पडवी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिला ताजा हार. श्यामलाचे वडील दगडू महानगरपालिकेच्या पाणी खात्यात होते. लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं आणि ठरल्या वेळी पाणी सोडायचं, हे त्यांचं काम.

"बर्री बाई, कूड्री," म्हणत त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. त्यांची बायको दुर्गव्वा चहाला लागली. श्यामला दाराला धरून उभी राहिली.

बाईंनी सगळं सांगितलं. गाईडचं, दुकानातलं, नियमाचं. "सही मी केली," त्या म्हणाल्या. "मी केली नसती तर ढाल तुझी होती."

दुर्गव्वानं फरफरणारा स्टोव्ह बारीक केला.

मग दगडू म्हणाले, "जाऊ दे बाई. तुम्ही येऊन सांगितलासा, हेच लई झालं. वीस वर्षं झाली मी पाणी सोडतोय. पाणी कवा येणार म्हणून शिव्या देऊन विचारत्यात लोक. कुठनं येतंय, ते आजपतोर एकानं बी विचारलं न्हाई. हीच एक लहानपणी माझ्या मागं लागली, अप्पा मला दाखीव. मग नेलं एकदा खात्याच्या ट्रकातनं." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तुम्ही बघितलाय का हो बाई, नीरसागर?"

तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईंना खोटं बोलता आलं नाही. "नाही हो. नकाशात दाखवत आले फक्त."

"मग चला की एकदा. यंदा पाणी लई खाली गेलंय, जुनी वाट वर आलीया."

"बघू," बाई म्हणाल्या.

दुर्गव्वानं चहा दिला. तो फार गोड होता, पाहुणीसाठी साखर जास्त घातलेली. बाईंनी तो संपवला आणि त्या उठल्या, तेव्हा श्यामला पहिल्यांदा बोलली.

"बाई, मग पुढच्या वर्षी मी गाईडातलंच लिहू का?"

त्या आवाजात राग नव्हता. कुठली वही आणू, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. बाईंनी आजवर किती मुलींना किती उत्तरं दिली होती. त्यांनी श्यामलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं तेच लिही, बाळ," त्या म्हणाल्या. पण ते त्यांना स्वतःलाच पाठ केल्यासारखं ऐकू आलं, आणि मुलीनंही ते तसंच ऐकलं असावं. तिनं मान हलवली आणि कप उचलून आत गेली.

समारंभाला बाई गेल्या नाहीत. सुलभा संध्याकाळी ढाल घेऊन पाया पडायला आली, तेव्हा त्यांनी तिच्या हातावर साखर ठेवली. तिचा काय दोष होता?

दगडू दोनदा निरोप देऊन गेले, ट्रक जाणार आहे म्हणून. एकदा बाईंचे गुडघे दुखत होते, एकदा ऊन फार होतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि ते राहिलंच.

पुढच्या फेब्रुवारीत अप्पाजी पेपराचं सांगायला आले. बाई म्हणाल्या, "आता दुसरं कुणी बघा." अप्पाजींनी आग्रह केला नाही. पेपर त्यांनीच काढला, पिवळ्या पुस्तकातून, पानं मोजून. मुलं एकशेदहा बसली, सगळी पास झाली, आणि पालक खूश होऊन गेल्याचं त्यांनी स्वतः येऊन सांगितलं.

श्यामला बसली होती का, आणि बसली असली तर तिनं काय लिहिलं, हे बाईंनी त्यांना विचारलं नाही.