दारासमोरची मेढ

कोंडाणे गावातला नवीन नावाचा गडी आठवडाभर खोपोलीच्या कारखान्यात राबायचा आणि शनिवार-रविवार टीव्हीवर परदेशातली सायकल शर्यत बघायचा. परसातली कामं तशीच पडून राहायची. या खेपेला मात्र भातलावणी उरकली होती, पावसाने उघडीप दिली होती आणि शिराळ्याचे वेल जमिनीवर लोळत होते. सुप्रियाने नवऱ्याला मांडवाच्या कामाला जुंपलं.

शनिवारी त्याने ओळीने लाकडाच्या मेढी पुरल्या. मधली मेढ नेमकी मागच्या दारासमोर येऊन आतला टीव्ही झाकत होती, म्हणून ती त्याने गुपचूप हातभर डावीकडे पुरली. आता बांबू बांधता बांधता घाट चढणारे सायकलवाले झकास दिसायला लागले.

सुप्रियाच्या नजरेतून ते सुटतंय कुठलं.

"गाव हसंल आपल्याला," ती म्हणाली. "उद्या जागेवर घ्या ती मेढ, नायतर तुमची शर्यत बंद."

रविवारी संध्याकाळी नवीन तोंड पाडून पहार घेऊन आला. सुप्रिया मांडवाखाली भाजी चिरत बसली होती. हात विळीवर, पण मान दाराकडे. आत टीव्हीवर एक पोरगा एकटाच पुढे निघाला होता आणि मागची टोळी त्याला गाठू बघत होती.

नवीनने मेढीला हात घातला.

"थांबा," टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली. "हलवतायच तर आणखी जरा डावीकडं घ्या. त्याच्या मागं किती जण हायत, ते दिसत नाय मला."